फरशी उचलून दाखवा

घरात फरशी बदलायची ठरली की नाशिकचं कुटुंब टाइल निवडायला सगळे रविवार खर्च करतं. द्वारकेपासून पाथर्डी फाट्यापर्यंतची दुकानं पालथी घालतं, फोटो काढून पुण्याच्या मुलीला पाठवतं, मेव्हण्याला विचारतं, चकचकीत घ्यायची की मॅट यावरून नवरा-बायको अबोला धरतात. ती टाइल जमिनीला धरून काय ठेवणार, हा प्रश्न मात्र घरातलं कोणीही विचारत नाही. कोणी विचारलाच तर दुकानदार एका वाक्यात तो मिटवतो : “ताई, सिमेंटवर बसते. चालतं.” या ‘चालतं’चा मला संताप येतो. फरशीच्या कामातला सगळ्यात मोठा निर्णय सगळ्यात बेफिकिरीने घेतला जातो, आणि जो घेतो त्याला त्या फरशीवर एक दिवसही राहायचं नसतं.

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम केलं. आलेला माल मोजायचा, मापात बसला तर घ्यायचा, नाही बसला तर लाल पट्टी लावून परत पाठवायचा, हे माझं काम. माझ्या घरातली फरशी मी स्वतः बसवली आहे : आधी मागची गॅलरी, मग स्वयंपाकघर, मग टेरेस. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते गुडघे टेकून, हात सिमेंटने फाटवून शिकलेलं आहे.

हा आळस कोणत्या शहरात चालतो ते आधी पाहा. १९६४ साली ज्या जिल्ह्यात, ओझरला, मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, त्या जिल्ह्याचं हे शहर. सातपूर आणि अंबडच्या शेडमधली माणसं मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजून पगार घेतात. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कागदाच्या एकेका तावाचा हिशोब द्यावा लागतो. सिडकोच्या सहाही योजनांमधली घरं अशाच कामगारांची. कंपनीत कोणी “साधारण एवढं असेल” म्हटलं तर सुपरवायझर त्याला उभा करतो. तोच माणूस संध्याकाळी घरी येतो, मिस्त्री पाच ठिकाणी सिमेंटच्या मालाचे गोळे टाकून त्यावर दोन बाय चार फुटांची टाइल थापत असतो, आणि हा बघत उभा राहतो. कंपनीच्या पार्टला जी शिस्त, ती स्वतःच्या घराला का नाही? घरात लहान मूल रांगणार आहे, म्हातारी आई अनवाणी चालणार आहे. त्या जमिनीची किंमत एका गिअरपेक्षा कमी कशी?

‘आमच्या बापजाद्यांपासून सिमेंटवरच फरशी बसते’ हा मिस्त्रींचा हुकमी एक्का. खरं आहे, बसते. शहाबादी बसायची, कोटा बसायचा, मोझॅकची जाड टाइल बसायची. त्या फरशा वजनदार, पाठीला खडबडीत आणि पाणी पिणाऱ्या. जाड मालात दाबून बसवल्या, आठवडाभर पाणी मारलं, की पिढी काढायच्या. मुंबईत १९२२ साली सिधवा काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या भरात भारत टाइल्स काढली. त्या सिमेंटच्या रंगीत फरशा आजही जुन्या घरांतून दिसतात. त्या कामाला आणि ते करणाऱ्या हातांना मी मान देते. पण दरम्यान टाइल बदलली, आणि माल तोच राहिला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोरबीहून जी व्हिट्रिफाइड टाइल ट्रकच्या ट्रक भरून यायला लागली, तिचा आणि शहाबादीचा स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध आहे.

सिमेंट टाइलला धरतं म्हणजे काय करतं? पाण्याशी संयोग होऊन त्याचे स्फटिक वाढतात आणि टाइलच्या पाठीवरच्या बारीक छिद्रांत शिरतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंतींत पिंपळाची मुळं शिरतात, तशी ही पकड असते : फट आहे तिथे मूळ जातं. भिंतीला लावायची साधी सिरॅमिक टाइल स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. तिच्या अंगात फटीच फटी आहेत. व्हिट्रिफाइडचं पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं, चांगल्या टाइलचं त्याहूनही बरंच कमी. तिच्या पाठीत सिमेंटला शिरायला जागाच नाही. मग मिस्त्री कोरड्या सिमेंटची भुकटी भुरभुरतो, स्लरी ओततो, रबरी हातोडीने ठोकतो आणि टाइल लेव्हलमध्ये दिसते. दिसणारच. ती मालावर ठेवलेली असते, मालाला चिकटलेली नसते. वर्ष-दोन वर्षांत ती पोकळ वाजायला लागते आणि एका थंडीच्या पहाटे दोन टाइला एकमेकींना टेकून तंबूसारख्या वर येतात. घरातले घाबरतात, भूकंप झाला म्हणतात, आणि मिस्त्री येऊन सांगतो, “टाइल कंपनीची खराब निघाली.” टाइल खराब नव्हती. तिला धरायला कोणी काही दिलंच नव्हतं.

थंडीचं सांगते ते उगाच नाही. जानेवारी २०१८ मध्ये सिंगापूरमध्ये काही दिवस नेहमीपेक्षा गारठा पडला तर सरकारी वसाहतींतल्या घराघरांतून फरशा उचकटल्याच्या तक्रारी आल्या. सिंगापूरचा गारठा म्हणजे आपल्याकडचा दिवाळीचा पंखा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि थंडीत दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून बराच खाली. एवढ्या चढउतारात काँक्रीट आणि टाइल दोन्ही आकुंचन-प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात नाही. दहा मीटर लांबीच्या उघड्या टेरेसवर दिवसाचं ऊन आणि पहाटेचा गारवा यांत चाळीस अंशांचा फरक धरला, तर काँक्रीट सुमारे चार मिलिमीटर हलतं, टाइल तीनच्याही आत. हा मिलिमीटरभर फरक कुठेतरी जिरावा लागतो. चिकटवणारा थर थोडा वाकला तर जिरतो. तो ठिसूळ असला तर सुटतो.

असा वाकणारा थर देणारी टाइल ॲडहेसिव्हची पिशवी म्हणजे कोणती परदेशी जादू नाही. तिच्यातही मुख्यतः सिमेंट आणि चाळलेली बारीक वाळूच असते. फरक दोन घटकांचा. एक पॉलिमरची भुकटी : पाण्यात कालवल्यावर ती बारीक कणांत पसरते आणि सुकताना सिमेंटच्या कणांमध्ये आणि टाइलच्या गुळगुळीत पाठीवर रबरासारखा पातळ पडदा धरते. छिद्र नसलेल्या पाठीला हा पडदा चिकटतो, आणि थर हलला तर तो ताणला जातो. दुसरा घटक सेल्युलोजचा : तो मालातलं पाणी धरून ठेवतो, म्हणून तीन-चार मिलिमीटरचा पातळ थरसुद्धा सिमेंट पक्कं होण्याआधी कोरडा पडत नाही. ‘हे नवीन फॅड आहे’ म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की सिमेंटमध्ये लॅटेक्स मिसळून टाइल पातळ थरात बसवण्याच्या कल्पनेवर हेन्री रॉथबर्ग यांनी अमेरिकेत लॅटिक्रीट कंपनी काढली ती १९५६ साली. पाऊणशे वर्षं होत आली, अजून आमच्या गल्लीत हे फॅडच.

आता पिशव्यांकडे येऊ, कारण ‘ॲडहेसिव्ह वापरलं’ एवढ्याने काम भागत नाही. ‘सिमेंट चालतं’ म्हणणाऱ्या दुकानदाराला थोडं रेटलं की तो काउंटरखालून सगळ्यात स्वस्त पिशवी काढतो आणि म्हणतो, “घ्या, हीच सगळ्याला चालते.” हे पहिल्याहून वाईट, कारण आता गिऱ्हाइकाला वाटतं आपण योग्य केलं. भारतीय मानक ब्युरोचं टाइल ॲडहेसिव्हसाठी स्वतंत्र मानक आहे, आयएस १५४७७. ते २००४ साली आलं, २०१९ साली सुधारलं गेलं. त्यात पाच प्रकार आहेत. पहिला प्रकार साध्या, पाणी पिणाऱ्या सिरॅमिकसाठी, घराच्या आतल्या कामाला. त्यावरचे प्रकार व्हिट्रिफाइड, दगड, ओली जागा, बाहेरचं काम, मोठा आकार, हलणारा तळ अशा चढत्या गरजांसाठी. पाचवा लोखंड, लाकूड, काच यांसारख्या अवघड तळांसाठी. हे पिशवीवर छापलेलं असतं. काही पिशव्यांवर युरोपीय खूणही असते : सी म्हणजे सिमेंटचा, पुढचा १ किंवा २ हा आकडा पकडीचा, आणि २ ची पकड किमान १ च्या दुप्पट. टी असेल तर भिंतीवर टाइल घसरत नाही. ई असेल तर माल पसरल्यावर टाइल ठेवायला जास्त वेळ मिळतो. एस १ किंवा एस २ असेल तर थर वाकतो. टेरेसला ही शेवटची खूण हवी. जो माणूस दोन बाय चारची व्हिट्रिफाइड टाइल विकतो आणि तिच्यासोबत पहिल्या प्रकारची पिशवी देतो, त्याने त्या घराचं नुकसान केलं आहे. त्याला हे माहीत नसेल तर त्याने टाइल विकू नये. माहीत असून दिली असेल तर ती फसवणूक आहे.

आपण स्वतः बसवणार असू तर दुकानात जाण्याआधी टाइल उलटी करावी. पाठीवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब झटकन जिरला तर टाइल पाणी पिणारी आहे. तसाच उभा राहिला तर ती व्हिट्रिफाइड आहे आणि तिला पॉलिमर भरपूर असलेला माल लागेल, दुसऱ्या प्रकाराच्या खाली यायचंच नाही. पाठीवर पांढरी पावडर असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढावी. भट्टीतल्या रोलरला टाइल चिकटू नये म्हणून ती लावलेली असते, आणि टाइल कशालाच चिकटू नये हेच तिचं काम. ही पावडर पुसणारा मिस्त्री मी क्वचित पाहिला. मग टाइल किती मोठी, कशावर बसणार आणि तिच्यावर पाणी-ऊन किती येणार, एवढं कागदावर लिहून न्यावं. “कुठलं चांगलं?” असं विचारू नये. “माझ्या या कामाला कुठला प्रकार, आणि पिशवीवर तो कुठे लिहिलाय ते दाखवा,” असं विचारावं. दाखवता आलं नाही तर दुकान बदलावं. पिशवीची तारीखही पाहावी. एका पावसाळ्यात ओल धरलेली, गाठी झालेली पिशवी कितीही नामांकित असली तरी भरावात टाकायच्या लायकीची.

पांढऱ्या संगमरवराखाली करडा माल घालू नये, तो वर उतरतो आणि दगड कायमचा काळवंडतो. पांढरा ॲडहेसिव्ह मागून घ्यावा. हिरव्या संगमरवरातले काही दगड पाण्याच्या मालावर वाकतात, त्यांना इपॉक्सीच लागतं. डबीत मिळणारी तयार पेस्ट भिंतीवरच्या छोट्या सिरॅमिकला ठीक, कारण ती पाणी उडूनच सुकते. व्हिट्रिफाइडखाली ते पाणी उडणार कुठून? ती आठवडे ओलीच राहते. आणि सिमेंटमध्ये फेव्हिकॉल टाकून ‘घरचं ॲडहेसिव्ह’ करणारे हुशार लोक आहेत, त्यांना हात जोडून विनंती : फेव्हिकॉल लाकडासाठी आहे आणि तिथे त्याला तोड नाही. पण त्या जातीचा गोंद पाणी लागलं की पुन्हा मऊ पडतो, आणि बाथरूममध्ये पाणी रोज लागतं.

योग्य पिशवी आणली आणि पाच गोळ्यांवर टाइल बसवली, तर पैसे नदीत टाकले. ही गोळ्यांची पद्धत आपल्याकडच्या फरशीकामातला सगळ्यात मोठा रोग आहे, आणि ती का टिकून आहे हेही उघड आहे : गोळ्यांवर टाइल खालीवर करून लेव्हल पटकन मिळते, तळ सपाट करण्याची मेहनत वाचते. मिस्त्रीचा रोज वाचतो, कंत्राटदाराची पिशवी वाचते. गोळ्यांच्या मधली जागा मात्र रिकामी राहते. त्या पोकळीवर फ्रिजचा पाय आला, भरलेला सिलिंडर आपटला, की कोपरा फुटतो. बाथरूममध्ये त्याच पोकळीत पाणी साठतं, क्षार घेऊन सांध्यांतून वर येतं, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला ओल दिसते. मग सोसायटीची मीटिंग, मग भांडण, मग वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणं. एवढं सगळं चार मिलिमीटर जाडीच्या थरावरून.

अमेरिकन मानक सांगतं की घरातल्या कोरड्या जागेत टाइलच्या पाठीचा किमान ८० टक्के आणि ओल्या किंवा बाहेरच्या जागेत ९५ टक्के भाग मालाला लागलेला हवा. ते मिळवायचं कसं, हे कोणत्याही फिटरला दहा मिनिटांत कळेल. तळ आधी सपाट करून घ्यायचा, खड्डे आदल्या दिवशी भरून. माल पिशवीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचा, पाच मिनिटं ठेवायचा, पुन्हा ढवळायचा, आणि घट्ट झाला म्हणून वरून पाणी घालायचं नाही, फेकून द्यायचा. दातेरी ट्रॉवेलने एकाच दिशेने सरळ रेघा ओढायच्या. गोल गोल फिरवल्या तर हवा आत कोंडते. टाइल दोन बाय दोन किंवा मोठी असेल तर तिच्या पाठीलाही पातळ लेप द्यायचा. टाइल ठेवून रेघांच्या आडव्या दिशेने थोडी हलवून दाबायची. आणि मग, ती ताजी असतानाच, उचलून पाठ बघायची. हेच मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. पहिल्या काही टाइलांतली एक उचला. मिस्त्री बसवत असेल तर त्याला उचलून दाखवायला सांगा. पाठ सगळीकडे मालाने भरलेली असेल तर पुढे चला. टकली बेटं दिसली तर मोठ्या दाताचा ट्रॉवेल घ्या. कारखान्यात याला पहिल्या पार्टची तपासणी म्हणतात आणि ती केल्याशिवाय मशीन चालू होत नाही. एका नात्यातल्या मिस्त्रीला मी टाइल उचलायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, “ताई, माझ्यावर भरवसा नाही का?” भरवसा माणसावर असतो. मालाची पाठ बघावीच लागते.

नाशिकच्या हवेचीही दखल घ्या. पसरलेल्या मालावर साधारण वीस मिनिटांत साय धरते असं मानक गृहीत धरतं. एप्रिलमधल्या दुपारी, कोरडा वारा सुटलेला असताना, ती वेळ निम्म्यावर येते. मालाला बोट लावा. बोटाला लागला तर टाइल ठेवा. नाही लागला तर तो थर खरवडून टाका. वरून दिसायला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून हातघाईवर आलेला माणूस मेलेल्या थरावर टाइला ठेवत जातो. उन्हाळ्यात टेरेसचं काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावं, तळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. आणि टाइला एकमेकींना टेकवून ‘विनासांध्याची’ फरशी मागणं सोडून द्यावं. स्पेसर घालून दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवा. भिंतीच्या कडेने फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. उन्हात असलेल्या टेरेसवर दर आठ-दहा फुटांवर एक सांधा सिमेंटच्या ग्राउटऐवजी लवचीक सीलंटने भरा. सलग आरशासारखी फरशी हवी हा हट्ट आपला, गिऱ्हाइकांचा आहे, आणि तो दुकानदाराने शोरूममध्ये जोपासलेला आहे.

कोणताही ॲडहेसिव्ह खालची जमीन सुधारत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. मखमलाबादपासून पाथर्डीपर्यंत बहुतेक नवी रो-हाऊसं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसात फुगते, उन्हात तडकते. जोत्यातला भराव नीट धुम्मस करून बसवला नसेल तर कोबा खचतो, आणि मग सगळ्यात महाग पिशवी आणली तरी तडा टाइलमधून वर येतो. कोब्याला हलणारी भेग असेल तर आधी तिचा बंदोबस्त. नव्या स्लॅबला किमान अठ्ठावीस दिवस द्या, तो सुकताना आकसतो. पंचवटीत आणि त्र्यंबकला सिंहस्थ जवळ आला की खोल्या नव्या करण्याची झुंबड उडते, २०२७ साठीही उडते आहे. ओल्या स्लॅबवर, ओल्या कोब्यावर घाईने बसवलेल्या त्या फरशा पर्वणी संपायच्या आत पोकळ वाजतील, आणि भाविकाच्या पायाला कापतील.

सिडकोतल्या जुन्या घरांत मला आणखी एका गोष्टीची काळजी वाटते. जुनी फरशी न काढता तिच्यावर दीड-दोन इंच माल टाकून नवी टाइल बसवतात, वरच्या मजल्यावरसुद्धा. हिशोब करा. चाळीस मिलिमीटर सिमेंट-वाळूचा माल म्हणजे चौरस मीटरला सुमारे ऐंशी किलो. वर टाइलचे वीसेक किलो. राहत्या घरात माणसं, कपाटं, सामान या सगळ्यांचा मिळून स्लॅबवर जो भार धरायला मानक सांगतं, तो चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो. म्हणजे त्यातला निम्मा भार तुम्ही एका दुपारी कायमचा चढवलात, तोही ज्या घरावर आधीच दोन मजले वाढवलेले आहेत अशा घरावर. जुनी फरशी घट्ट असेल, ठोकून कुठेही पोकळ वाजत नसेल, तर ती खरवडून, प्रायमर मारून, योग्य प्रकारच्या ॲडहेसिव्हवर नवी टाइल बसते, आणि मालाचं वजन चौरस मीटरला पाच-सहा किलोंवर येतं. ‘ॲडहेसिव्ह महाग पडतं’ म्हणणाऱ्याने वीस किलोच्या पिशवीची किंमत सिमेंटच्या पिशवीशी लावू नये. वीस किलोंत पातळ थराने साधारण पन्नास चौरस फूट होतात. तेवढ्याच जागेला जाड मालाचे साडेतीनशेहून जास्त किलो लागतात : वाळू आणा, चाळा, कालवा, जिन्याने वर वाहा. आणि वर ती फरशी उखडली तर काढायची मजुरी, राडारोडा उचलायचं भाडं, नवी टाइल. जुन्या डिझाइनची तर मोरबीत एव्हाना मिळतही नाही.

उखडलेली फरशी फोडतं कोण, तेही पाहावं. कटर घेतलेला विशीतला पोरगा, तोंडाला रुमाल, बंद खोली, समोरचा माणूस दिसत नाही एवढी धूळ. टाइलमध्ये आणि मालात सिलिका असते, तिची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. सिलिकोसिसला औषध नाही. आपण पिशवी वाचली नाही, मिस्त्रीने गोळे टाकले, आणि त्याची भरपाई या पोराने श्वासातून करायची, हे मला मान्य नाही. टाइल पाणी सोडून ओलीच कापा, नीट मास्क द्या, आणि मुळात फोडायची वेळ येणार नाही असं काम करा.

स्वतः फरशी बसवणाऱ्याकडे आपल्याकडे ज्या नजरेने पाहतात, तिच्याबद्दलही बोलायला हवं. मी गॅलरीत बसून माल पसरत होते तेव्हा ओळखीच्या एक बाई म्हणाल्या, “पैसे कमी पडले का? गवंडी लावा की.” हाताने काम करणं म्हणजे ऐपत नसणं, ही आपली समजूत. त्यात बाईने केलं तर दुप्पट. याच समजुतीमुळे आपण मिस्त्रीला काही विचारू शकत नाही, कारण कामातलं काही शिकणंच आपल्याला कमीपणाचं वाटतं. ज्याला स्वतः चार टाइला बसवता येतात त्याला कोणी ‘चालतं’ म्हणून गुंडाळू शकत नाही. गॅलरीपासून सुरुवात करा, घरातल्या मुलामुलींना हाताशी घ्या. दातेरी ट्रॉवेल, लेव्हल, रबरी हातोडी, स्पेसर आणि बादली, यापलीकडे फारसं काही लागत नाही.

नव्या फ्लॅटचा ताबा घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधी करावी. बिल्डरची फरशी आवडली नाही म्हणून लगेच उखडू नका. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा आहे. पोकळ फरशी हा कामातलाच दोष आहे. सामान आत यायच्या आधी लाकडी मूठ किंवा नाणं घेऊन प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये ठोका. पोकळ वाजेल तिच्यावर खडूने फुली मारा, खोलीवार फोटो काढा, यादी करून लेखी द्या आणि पोच घ्या. साइट इंजिनिअर “एवढं चालतं” म्हणेल. किती टक्के चालतं आणि ते कुठे लिहिलं आहे, हे त्याच्याकडून सहीनिशी मागा.